हा आकडा मोजलेला नव्हता

अण्णांना दारू चढलीय असं पहिल्यांदा म्हणाला तो आमच्याच भावकीतला माणूस. भर दुपारी, गावातल्या दूध संस्थेच्या कट्ट्यावर बसून. अण्णा, म्हणजे माझे वडील, रानातून चालत घरी येत होते. पाय एकमेकांत अडकत होते, टोपी हातात होती आणि ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. कट्ट्यावरून तो भावकीतला माणूस म्हणाला, "अण्णा आज टाकून आलं काय रं?" सगळे हसले. अण्णांनी त्यांच्याकडे बघून हात वर केला म्हणे, नमस्कार करावा तसा. मग वाटेच्या कडेला बसून ओकारी काढली.

हे सगळं मला नंतर कळलं. पण कळल्यापासून तो कट्टा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ओकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उठवायला एकही जण खाली उतरला नाही.

माझे वडील कोण होते हे त्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. शिरोळच्या पट्ट्यातलं आमचं जैन घर. शेती उसाची, बागायती, आणि अण्णा नियमाचे इतके पक्के की पाहुणे दबकून असायचे. कांदा-लसूण कधीच सोडलेला. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. लहानपणी आम्हाला खोकला झाला की शेजारणी सांगायच्या, मधातून आलं चाटवा. अण्णा दारातूनच म्हणायचे, "मध आमच्यात चालत न्हाय. पोरगं खोकू दे." मद्य, मांस, मधु, या तिन्हींना त्या घरात उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. आणि त्याच माणसाला गावाने एका दुपारीत दारुडा ठरवून टाकलं.

मी कोल्हापुरात राहते, एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी बारावीच्या पोरांचं प्रॅक्टिकल चालू होतं. भावाचा फोन आला. तो माझ्यापेक्षा लहान, मला आक्का म्हणतो.

"आक्का, अण्णांना घेऊन यालोय. गावातल्या डॉक्टरनं हात वर केलं. बोलणं समजंना झालंय. डोळं पांढरं करालेत."

"काय खाल्लंय? रानात फवारणी चालू होती काय?"

"फवारणी न्हाय. नांगरट चालू हाय. डायवर आला न्हाय म्हणून सकाळी सोताच गेलते ट्रॅक्टर घिऊन."

मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. माझ्या कोल्हापुरातल्या घरापासून जवळचं, मोठं, काचेच्या दारांचं. इथे ते नाव लिहीत नाही. लिहावंसं फार वाटतं, पण नाही लिहीत.

गाडी आली तेव्हा अण्णांचं डोकं आईच्या मांडीवर होतं. आई सारखी पदराने त्यांचं तोंड पुसत होती. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, आत नेलं, आणि आकस्मिक विभागातला तरुण डॉक्टर त्यांच्यावर वाकला. तिशीही न गाठलेला, डोळ्यांखाली काळं, दमलेला. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली, पायाला चिमटा काढून पाहिला आणि आमच्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला.

"किती घेतली होती?"

आईला कळलंच नाही. ती म्हणाली, "सकाळी दोन भाकरी खाल्ल्या की. अन् ताक घेतलं."

"ताक नाही आजी. दारू. किती घेतात रोज?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरात कुणी पीत नाही. यांनी जन्मात कधी शिवलेली नाही."

तो किंचित हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही. "मॅडम, सगळे नातेवाईक असंच म्हणतात. शेतावर काय करतात ते घरच्यांना माहीत नसतं."

"वास येतोय का बघा की तोंडाला."

"व्होडकाला वास नसतो," तो म्हणाला आणि कागदावर लिहायला लागला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. रुग्णाने मद्यपान केल्याची शंका, असं त्याने इंग्रजीत लिहिलं होतं. आई विचारत होती, "काय लिवालेत गं?" मी तिला सांगितलं, नाव आणि वय.

तपासण्या झाल्या. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. म्हणजे अर्धांग नव्हतं. साखर ठीक होती. पण अण्णांचा श्वास चमत्कारिक चालला होता, खोल आणि भराभर, लांबून धावत आलेल्या माणसासारखा. धमनीतलं रक्त काढून तपासलं तेव्हा त्यात आम्ल वाढल्याचं दिसलं. तरुण डॉक्टर म्हणाला, "दारूने होतं असं कधीकधी. सलाईन चालू आहे. उतरली की शुद्धीवर येतील."

उतरली की. माझ्या वडिलांबद्दल तो असं बोलत होता आणि माझी आई तिथे उभी होती.

त्यातच एक पोलीस हवालदार आला. विषबाधेची शंका असली की त्यांना कळवावं लागतं म्हणे. त्याने भावाला बाजूला घेऊन विचारलं, घरात भांडण झालं होतं का, वाटणीचं काही आहे का. भावाचे कान लाल झाले. म्हणजे एका तासाच्या आत माझे वडील एकतर दारुडे होते, नाहीतर जीव द्यायला निघालेले होते. तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यातच येत नव्हती.

मग रक्ताचा मोठा रिपोर्ट आला. नर्सने तो डॉक्टरला दिला, डॉक्टरने वरून खाली नजर फिरवली आणि टेबलावर ठेवला. मी उचलला. सोडियम, पोटॅशियम, साखर, युरिया. आणि त्याखाली एक ओळ होती: ऑस्मोलॅलिटी, २९१, आणि पुढे ठळक अक्षरात नॉर्मल.

हा शब्द माझ्या ओळखीचा. दरवर्षी मी तो पोरांना शिकवते. पाण्यात जितके कण विरघळलेले असतील, तितकं ते गोठायला जड जातं. पॉट आइस्क्रीम करताना भोवतीच्या बर्फात मीठ का टाकतात, तिथून मी सुरुवात करते. रक्ताचंही तेच. रक्ताचा एक थेंब यंत्रात थंड करत न्यायचा आणि तो नेमका किती अंशाला गोठतो ते पाहायचं. त्यावरून रक्तात सगळे मिळून किती कण विरघळलेत ते कळतं. मीठ असो, साखर असो की विष, गोठण्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं. जे काही विरघळलंय ते सगळं त्यात येतं.

म्हणून मला तो आकडा बघून नवल वाटलं. माझा बाप डोळे पांढरे करतोय, रक्तात आम्ल चढलंय, आणि रक्त म्हणतंय सगळं नॉर्मल?

मी डॉक्टरला विचारलं, "हे कुठल्या यंत्रावर मोजलं?"

"काय?"

"ऑस्मोलॅलिटी."

"ते मोजत नाहीत मॅडम. ते ऑटो येतं."

"ऑटो म्हणजे?"

त्याने उसासा टाकला. "सोडियम, शुगर आणि युरिया हे मोजतात. त्यावरून सॉफ्टवेअर कॅल्क्युलेट करतं. सोडियमची दुप्पट, त्यात थोडी शुगर, थोडा युरिया. फॉर्म्युला आहे."

मी तिथेच हिशेब केला. सोडियम १४०, त्याची दुप्पट २८०. साखरेचे सहा, युरियाचे पाच. २९१. अगदी बरोबर.

आणि मी तो कागद टेबलावर आपटला. रागाने. बाहेरचं काही माणसाच्या रक्तात गेलं असेल, तर ते सोडियम नसणार, साखर नसणार, युरिया नसणार. या सूत्रात त्याला जागाच नाही. त्यांनी तीन गोष्टी मोजल्या, त्या तिन्हींची बेरीज केली, आणि चौथं काही नाही असा निकाल त्याच बेरजेतून काढून वर नॉर्मल छापलं. कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की हा आकडा मोजलेला नाही, गणिताने काढलेला आहे. सोडियमचा आकडा जसा छापला होता तसाच हा. त्याच अक्षरात, त्याच रांगेत.

मी म्हटलं, "मग आता खरोखर मोजा. मोजलेल्यात आणि काढलेल्यात फरक आला तर रक्तात भलतंच काहीतरी आहे हे कळेल."

"मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी हे शिकवते."

"मग शिकवा," तो म्हणाला. "इथे आम्हाला काम करू द्या."

भावाने माझा हात धरला नसता तर मी काय केलं असतं मला सांगता येत नाही.

मी जिना उतरून तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गेले. तिथे लॅबच्या प्रमुख डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, हे त्या दिवसातलं पहिलं माणुसकीचं वागणं. मी विचारलं, "तुमच्याकडे ऑस्मोलॅलिटी मोजायचं यंत्र आहे का?"

"आहे की," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्याकडे बोट केलं. मिक्सरपेक्षा जरा मोठं, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेलं.

"चालू आहे?"

"चालू आहे. कुणी मागत नाही. रिपोर्टवर आकडा येतोच, मग मागेल कोण? मी तीनदा सांगून पाहिलं की तो आकडा काढून टाका, नाहीतर निदान कॅल्क्युलेटेड असं लिहा. सॉफ्टवेअरवाले म्हणतात फॉरमॅट बदलत नाही."

"मग आत्ता मोजा."

"वरून डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. मी माझ्या मनाने नाही करू शकत."

त्यांच्याबद्दल मला आदर वाटला आणि त्याच क्षणी त्यांचाही राग आला. सगळं ठाऊक असलेली बाई, हाताशी चालू यंत्र, शेजारच्या रॅकमध्ये माझ्या वडिलांच्या रक्ताची नळी. आणि मध्ये एक चिठ्ठी.

मी पुन्हा वर गेले आणि आकस्मिक विभागाच्या दारात उभी राहून ओरडायला सुरुवात केली. मी काही लाजत नाही ते सांगायला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा, आणि शिरोळकडची माणसं तशीही हळू बोलत नाहीत. मी म्हणाले, खाली यंत्र आहे, रक्त आहे, मोजायला माणूस आहे, आणि हे लोक एका खोट्या आकड्यावर माझ्या बापाला दारुडा म्हणून झोपवून ठेवालेत. वॉचमन आला. बाकीचे नातेवाईक जमले. एक पैलवानी अंगाचा माणूस, त्याची बायको आत होती, तो वॉचमनला म्हणाला, "बोलू दे की तिला. काय चुकीचं बोलाली काय?"

त्या गोंधळाने मोठे डॉक्टर बाहेर आले. मेडिसिनचे, पन्नाशीचे, चष्म्यावरून बघणारे. चिडलेले होते. "काय प्रकार आहे?" तरुण डॉक्टरने सांगितलं, पेशंटची मुलगी ऑस्मोलॅलिटी मोजा म्हणते. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला.

"आहे की इथे. २९१."

"सर, ते कॅल्क्युलेटेड आहे," तरुण डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला.

मोठे डॉक्टर एकदम थांबले. मी त्यांचा चेहरा बघत होते. पुढचं सगळं त्यांना त्याच क्षणी समजलं असणार. "मला मोजलेलं वाटलं," ते म्हणाले. मग जोरात, "मेजर करायला सांग. आत्ता."

खाली त्या बाईंनी आवरण काढलं. यंत्राने थोडा वेळ घरघर केली. आकडा आला ३३८.

काढलेला २९१ आणि मोजलेला ३३८. मधले सत्तेचाळीस म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगात फिरणारं काहीतरी, जे त्यांच्या कागदावर अस्तित्वातच नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी आता वेळ घालवला नाही, हे मला सांगायलाच हवं. ते सरळ भावाकडे वळले. "दारू नाही. दारूने इतकं आम्ल असं चढत नाही. मिथेनॉल किंवा ग्लायकॉल. गाडीचं कूलंट, ब्रेक ऑइल, असं काही घरात, शेतात?"

भाऊ पांढराफटक पडला. "कूलंट हाय," तो म्हणाला. "ट्रॅक्टरच्या पेटीत. कोकमच्या बाटलीत."

आदल्या दिवशी त्याने जयसिंगपूरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून रेडिएटरसाठी, इंजिन थंड ठेवायला, कूलंट आणलं होतं. तिथे ते मोठ्या कॅनमधून सुटं ओतून देतात. दुकानदाराने काउंटरखालची एक रिकामी बाटली घेतली, कोकम सरबताची, लेबल तसंच, आणि लालभडक कूलंट तिच्यात भरून दिलं. भावाने ती ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी डायवर आला नाही, अण्णा स्वतः गेले, ऊन चढलं, नेलेलं पाणी संपलं. पेटीत कोकमची बाटली दिसली. आईने ठेवली असेल असं वाटलं. आई उन्हाळ्यात देतेच. प्यायले. गोड लागलं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. कूलंट गोड असतं, हे किती जणांना माहीत आहे? विष कडू असायला हवं अशी आपली समजूत.

आकडा मोजला त्यानंतर काही क्षणांत आम्हाला बाटलीचं कळलं. मोजायच्या आधी हॉस्पिटलात कुणी विचारलंही नव्हतं. विचारलं होतं फक्त, किती घेतली.

पुढचं ऐकून मला वाटलं, कुणीतरी आमची थट्टा करतंय. मोठे डॉक्टर आम्हा तिघांना बाजूला घेऊन म्हणाले, "याच्यावरचं खास इंजेक्शन कोल्हापुरात मिळत नाही. मुंबईहून आणेपर्यंत उशीर होईल. डायलिसिसची तयारी चालू केलीय. पण तोवर दुसरा एक उतारा आहे. दारू."

आई म्हणाली, "काय?"

"आजी, कूलंट स्वतः फार वाईट नसतं. शरीर त्याचं जे बनवतं ते वाईट, त्याने किडनी जाते. लिव्हर दारू आणि कूलंट एकाच हत्याराने फोडतं. दारू दिली की ते आधी दारूच्या मागे लागतं, कूलंट तसंच पडून राहतं. मग डायलिसिसने ते बाहेर काढता येतं. नाकातल्या नळीतून मोजून देऊ. आमच्या फार्मसीत शुद्ध अल्कोहोल आत्ता नाही. तुम्हाला बाहेरून आणावी लागेल. व्होडका आणा. बिन रंगाची."

व्होडका. तोच शब्द. तरुण डॉक्टर मागे उभा होता, त्याने मान खाली घातली. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

भाऊ गेला. परत आल्यावर कितीतरी दिवसांनी त्याने दुकानातलं सांगितलं. संध्याकाळची गर्दी, जाळीच्या आत हात घालून माणसं बाटल्या घेत होती. दुकानदार म्हणाला, "पावणं, काय पायजे?"

"व्होडका."

"कुठली?"

"मला म्हाईत न्हाय. बिन रंगाची. बापाला द्यायची हाय, हॉस्पिटलात."

मागचा एकजण हसला. "लई भारी बाप हाय की तुझा." भावाने वळून त्याची कॉलर धरली. माणसांनी सोडवलं. तोवर दुकानदाराने बाटली कागदात गुंडाळली होती. तो भाऊ, जो अंडं ठेवलेल्या बेकरीत पाव घ्यायला जात नाही, ती बाटली छातीशी धरून मोटरसायकलवरून आला.

संमतीच्या कागदावर आईची सही हवी होती. ती पेन घेऊन खिडकीकडे बघत बसली. मला वाटलं, दारू नको म्हणून अडून बसणार. मी समजवायला लागले तर म्हणाली, "दारू दिऊ दे गं. औषध म्हणून दिऊ दे. तेवढं मला कळतंय. पर बाहेर बघ की. दिवस बुडाला. ते शुद्धीवर आल्यावर मी काय सांगू त्यास्नी?"

मग तिने सही केली.

अण्णा वाचले. लगेच नाही. दारू नळीतून, डायलिसिस यंत्रातून, लघवी बंद, अंग सुजलेलं. किडन्या कित्येक आठवडे रुसून बसल्या. शिरोळहून कोल्हापूरला दर आठवड्याला डायलिसिसच्या फेऱ्या झाल्या. मग हळूहळू लघवी सुरू झाली, फेऱ्या कमी झाल्या, एक दिवस डॉक्टर म्हणाले आता थांबवून बघू. पूर्वीसारख्या किडन्या नाहीत त्यांच्या. होणारही नाहीत. तो यंत्रातला आकडा अण्णा आले त्याच क्षणी मोजला असता तर किती वाचल्या असत्या, हे मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." हे उत्तर खरं आहे, मला माहीत आहे. पण त्या दिवशी सांगता येण्यासारखं जे होतं ते तरी त्यांनी कुठे वेळेत बघितलं होतं?

डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत पुन्हा तेच होतं: मद्यपानाचा इतिहास. खाली कूलंटची विषबाधा, उपचार, सगळं नीट लिहिलेलं. पण वरची ओळ तशीच उतरलेली. मी म्हणाले, ही ओळ बदलल्याशिवाय मी पेशंट हलवणार नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ती पहिल्या पानावरून आपोआप येते. हा आपोआप शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी खुर्ची ओढून काउंटरसमोर बसले. ओळ बदलली.

गावात मात्र ती ओळ कोण बदलणार? हॉस्पिटलात दारू पाजली म्हणे, ही बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. त्यातून माणसांनी आपल्या सोयीचं ते काढलं. सवयीचं असल्याशिवाय का दारू उतारा म्हणून चालते, असं एका शहाण्याने पारावर समजावून सांगितलं.

आणि अण्णा. त्यांना कधी सांगायचं यावरून आमच्यात वाद होता. शेवटी आईनेच सांगितलं, एका सकाळी, ताक देताना. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला इचारलं का न्हाय?"

"तुम्ही शुद्धीवर हुता काय?" आई म्हणाली.

"मग मरू द्यायचं हुतं. नियम मोडून जगून काय करायचं?"

मी त्या रविवारी घरीच होते, पलीकडे भाजी निवडत. मी आयुष्यात कधी वडिलांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "मरू द्यायचं हुतं? त्या हॉस्पिटलातल्या सगळ्यांनी तेच चालवलं हुतं की! एकानं दारू चढलीय म्हणून झोपू दिलं, एकानं आकडा नॉर्मल म्हणून झोपू दिलं. तुम्हाला जगवायला मी रस्त्यावरच्या बाईसारखी ओरडलो तिथं. तुमच्या पोरानं लोकांची थट्टा खाऊन बाटली आणली. आईनं दिवस बुडाल्यावर सही केली. अन् तुम्ही म्हणता मरू द्यायचं हुतं?"

आमच्याकडे बायकाही रागात मी आलो, मी ओरडलो असंच बोलतात. कोल्हापुरात कॉलेजात मी ते टाळते. त्या दिवशी टाळलं नाही.

अण्णांनी ताकाचा पेला खाली ठेवला. मग उठून मागच्या अंगणात गेले. त्यांनी उपास धरले, डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं तरी. पाणी पिऊन, एकाआड एक. आईने रडून, भांडून ते एकाशनावर, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण्यावर आणले. भावाशी ते पावसाळ्यापर्यंत धड बोलले नाहीत. बाटली पेटीत ठेवली म्हणून असेल किंवा दुसरी बाटली आणली म्हणून. भावाने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस ट्रॅक्टरचा पट्टा तुटला तेव्हा त्यांनी हाक मारली, "ये रं इकडं, धर जरा," आणि मग ते बोलू लागले.

जयसिंगपूरच्या त्या दुकानात मी गेले. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक बाटली आणत न्हाय, मग मी कशात देऊ?" बोलता बोलता त्याने समोरच्या माणसाला पाण्याच्या बाटलीत हिरवं काहीतरी ओतून दिलं. मी त्या माणसाच्या हातून ती बाटली घेतली आणि गटारात ओतली. दुकानदाराने मला वेडी म्हटलं. म्हणू दे.

हॉस्पिटललाही मी सोडलं नाही. माझी मागणी फार मोठी नव्हती. त्या ओळीपुढे "गणिताने काढलेले" एवढे दोन शब्द छापा, आणि बेशुद्ध पेशंटच्या बाबतीत खरं मोजा. मोठ्या डॉक्टरांनी पाठिंबा दिला. लॅबच्या बाईंनी दिला. व्यवस्थापनाने बैठक घेतली, चहा दिला, मान डोलावली. मी कॉलेजातल्या मोकळ्या तासांना जाऊन आठवण करत राहिले.

परवा लॅबच्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज पडलेला होता. "मॅडम, रिपोर्ट बदलला."

"छापलं का दोन शब्द?"

"नाही. त्यांनी ती ओळच काढून टाकली. वाद नको म्हणून. आता ऑस्मोलॅलिटी छापतच नाहीत, ना काढलेली ना मोजलेली. बेशुद्ध पेशंटचंही कुणी मोजायला सांगत नाही, यंत्र तसंच झाकून आहे."

मी गावी होते, अण्णांच्या घरी. पुढच्या सोप्यात ते पाहुण्यांशी बोलत बसले होते. मी त्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना तिथूनच फोन लावला. पहिल्या वाक्यालाच माझा आवाज चढला. सोप्यातून अण्णांची हाक आली, "अगं, हळू की. पावणं बसल्यात."

मी हळू केलं नाही. दार लोटून घेतलं आणि बोलत राहिले.